म्हातारीने हार गिळला

माझी नोकरी काय आहे हे मी आता कुणाला धड सांगत नाही. 'मेंटेनन्समध्ये आहे' म्हटलं की समोरचा 'अच्छा, अच्छा' म्हणतो, पुढचा समोसा उचलतो आणि विषय संपतो. खरं सांगितलं तर अर्धा तास जातो. मी दुबईतल्या एका मॉलच्या बर्फघराची मेंटेनन्स सुपरवायझर आहे. बाहेर चाळीस डिग्री, आत उणे दोन. बाहेर घामाने निथळणारी माणसं आत पैसे भरून कुडकुडायला येतात. तो बर्फ रात्री मशीनने पाडायचा, सकाळी सगळीकडे सारखा पसरायचा, दिवसभर तो वितळू नये म्हणून जीव टाकायचा आणि मळला की उपसून बाहेर टाकायचा. दुसऱ्या दिवशी परत तेच. शुद्ध मराठीत याला उपद्व्याप म्हणतात, पण पगार वेळेवर होतो.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी पंधरा दिवस बाबा पहिल्यांदाच आमच्याकडे शारजाला आले. आम्ही तिथल्या अल मजाज भागात राहतो, खाली तळं दिसतं. बाबांनी बाल्कनीतून एकदा तळं बघितलं, एकदा समोरचे टॉवर बघितले आणि म्हणाले, "लिफ्टचं मेंटेनन्स कोण बघतं?" बाबा साखर कारखान्यात फिटर होते. चौतीस वर्षं. माणूस रिटायर झाला, पण कान रिटायर झाले नाहीत. आमचा फ्रीज जरा वेगळा आवाज करतोय हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि चौथ्या दिवशी तो बंद पडला.

बाबांच्या उजव्या हाताची दोन बोटं अर्धी आहेत. अंगठ्याजवळचं आणि त्याच्या शेजारचं. ती कुठे गेली याची गोष्ट मला लहानपणापासून किमान पंधरा प्रकारे ऐकायला मिळाली आहे. लोणच्याच्या कैऱ्यांबरोबर चिरली गेली. गणित चुकलं म्हणून मास्तरांनी ठेवून घेतली. माकडाने मागितली, नाही कसं म्हणायचं, दिली. आता हाच माल माझ्या मुलीला. ती दहा वर्षांची आहे आणि मराठी प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देते. "आजोबा, दॅट्स सो ग्रॉस," म्हणते आणि 'अजून एक' म्हणून मागे लागते.

त्यांची दुसरी खोड म्हणजे हजेरी. मी लहान असताना बाबा ड्यूटीवरून आले की आधी चहा नाही, पाणी नाही, माझा उजवा हात धरून एकेक बोट दाबत मोजायचे. "एक, दोन, तीन, चार, पाच. सगळे हजर!" मग मी त्यांची मोजायची. अर्ध्या बोटांपाशी आले की ते म्हणायचे, "हे दोघं रजेवर." मला हसू आवरायचं नाही. कॉलेजात गेल्यावर मात्र मी हात काढून घ्यायला लागले. घरी आल्या आल्या बोटं मोजून घेणं म्हणजे मैत्रिणींसमोर शोभाच.

पण माझा एक राग होता, आणि तो तीस वर्षं जुना होता. बाबांनी मला कधी वर्कशॉपमध्ये पाऊल टाकू दिलं नाही. माझा चुलतभाऊ दर रविवारी त्यांच्याबरोबर कारखान्यात जायचा, हातापायाला ग्रीस फासून घरी यायचा आणि मला मुद्दाम दाखवायचा. मी गेटपर्यंत गेले तरी बाबा ओरडायचे, "हात लावू नकोस! लांब हो!" त्याच हट्टाने मी मेकॅनिकल इंजिनिअरिंग केलं. त्यावर बाबा म्हणाले, "छान. आता टेबलावरचं काम शोध." तो चुलतभाऊ आज बँकेत आहे. त्याला पान्याचे नंबरसुद्धा माहीत नाहीत. आणि मी चाळिशी ओलांडून बर्फ उपसते.

त्यामुळे एकदा, एकदाच, बाबांनी मला काम करताना बघावं एवढंच मला हवं होतं. मशीन कुरकुरतंय, मी ते ऐकतेय, दुरुस्त करतेय, आणि बाजूला उभे राहून बाबा म्हणतायत, "जमतंय की गं." एवढे तीन शब्द. मुलीला बापाकडून याहून जास्त काही नको असतं, आणि मिळतही नाही.

संधी दसऱ्याने आणून दिली. आदल्या रात्री जेवताना बाबांनी विचारलं, "उद्या तुमच्या मशीनची पूजा किती वाजता?"

"आमच्याकडे नसते बाबा."

बाबांनी घास ताटात ठेवला. "ज्याच्यावर पोट चालतं त्याची दसऱ्याला पूजा नाही?"

मी बाल्कनीत जाऊन मॅनेजरला फोन लावला. माझा मॅनेजर लेबनॉनचा. तो सगळ्यांना हबीबी म्हणतो, आणि ज्याला झापायचं असतं त्याला दोनदा हबीबी म्हणतो. पूजा म्हणजे काय हे मी त्याला इंग्रजीत समजावलं. "सो यू आर थँकिंग द मशीन?" तो म्हणाला. "हबीबी, फॉर वन्स समबडी शुड. टेन मिनिट्स. नो फायर, नो स्मोक, नो वॉटर. गेट ओपन्स ॲट टेन. स्कूल चिल्ड्रन आर कमिंग."

म्हणजे उदबत्ती नाही, कापूर नाही, निरांजन नाही, पाणी शिंपडणं नाही. बाबा विचारात पडले. शेवटी मुलीच्या खेळण्यांतला बॅटरीवरचा दिवा घेतला. त्याच्या बुडाशी बटण होतं, दोनदा दाबलं की तो निळा व्हायचा.

सकाळी पावणेनऊला आम्ही पोचलो. बाबांनी कंपनीचा जाड कोट चढवला, त्यावर आईने विणलेला मफलर गुंडाळला आणि त्यावर कानटोपी घातली. फक्त डोळे आणि मिशा दिसत होत्या. हातात पिशवी, पिशवीत झेंडूचा हार, आंब्याचा टहाळा, हळदकुंकू, नारळ. नारळ त्यांनी बाहेर पार्किंगमध्ये फोडून, पाणी स्वतः पिऊन आणला होता. नियम म्हणजे नियम.

आत चाचा वाट बघत होते. चाचा रत्नागिरीकडचे, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. बर्फाची मशीनं हाकण्यात त्यांच्याएवढा जुना माणूस आमच्याकडे नाही. ज्या गावात पावसाळा चार महिने छपरावर नाचतो तिथला माणूस इथे रोज बर्फ सारखा करतो, याचं त्यांना स्वतःलाच हसू येतं. बाबांना बघून त्यांनी आधी सलाम केला, मग नमस्कार केला, मग म्हणाले, "या दादा, आमच्या म्हातारीला भेटा."

म्हातारी म्हणजे आमचा स्नो ब्लोअर. लाल रंगाचं, विजेवर चालणारं, पाठीमागून ढकलायचं मशीन. पुढे रुंद जबडा. जबड्यात आडवा, नागमोडी पात्यांचा स्क्रू फिरतो, तो बर्फ मधोमध ओढतो, आतला पंखा तो वर फेकतो आणि धुराड्यासारख्या नळीतून बर्फ लांब उडतो. रात्री कोपऱ्यात पडलेला बर्फाचा ढीग सकाळी घसरगुंडीवर पसरायचं काम तिचं. ती खोकते, थरथरते, पण करते, म्हणून चाचांनी तिला म्हातारी नाव ठेवलं.

बाबांनी तिच्याभोवती एक फेरी मारली. वाकून जबड्यात बघितलं. "हा तर स्क्रू कन्व्हेयर," म्हणाले. "आमच्याकडे साखर असाच न्यायचो." मग खालचा बर्फ चिमटीत धरून अंगठा आणि अर्ध्या बोटामध्ये चोळला. "ओलावा जास्त आहे गं. ओली साखर आणि हे, सारखंच. अडकणार तुझं मशीन."

पहाटे आमचा गारवा राखणारा एक चिलर अर्धा तास बंद पडला होता, हे खरं होतं. पण बाबांना ते बोटांनी कळावं आणि मला सेन्सरवर बघावं लागावं, हे मला झोंबलं. "होईल नीट, बाबा," मी म्हटलं.

पूजा झाली. कुंकू लाल पत्र्यावर दिसेना, म्हणून हळदीचं बोट लावलं. निळा दिवा पेटवला. नारळाची एक वाटी बाबांनी म्हातारीच्या जबड्यापुढे बर्फात ठेवली, नैवेद्य म्हणून. हार नळीला घातला, त्यात आंब्याचा टहाळा खोचला. हार चांगला चार हात लांब, फुलवाल्याने जाड नायलॉनच्या दोऱ्यात ओवलेला. चाचांनीही मनापासून हात जोडले, मग हळूच घड्याळ बघितलं. नऊ वाजून वीस.

"चला, सुरू करा," मी म्हटलं आणि हार काढायला हात पुढे केला.

"अगं!" बाबा ओरडले. "पूजेचा हार लगेच काढतात का? आणि आज मशीन चालवायचं नसतं. आमच्याकडे संध्याकाळपर्यंत पूजेच्या मशीनला कुणी हात लावत नव्हतं."

"बाबा, दहा वाजता शाळेची मुलं येणार."

"मग दुसरं मशीन लाव."

दुसरं मशीन नव्हतं. बाबांचा चेहरा पडला. आणि इथे मी, दोन सर्टिफिकेटं आणि एक सेफ्टीचा बिल्ला मिळवलेल्या सुपरवायझरने, बापाला खूश करायला असा तोडगा काढला की तो दुसऱ्या कुणाला सुचला असता तर मी त्याला मेमो दिला असता. "हार राहू दे, मशीन चालू दे." हाराचं लोंबतं टोक मी हँडलला गुंडाळलं. चाचांनी माझ्याकडे बघितलं. "मॅडम, पक्कं?" म्हणाले. मी म्हटलं, "यल्ला, चला चाचा."

म्हातारी सुरू झाली, पुढे सरकली आणि पहिल्या झटक्यात स्वतःचा नैवेद्य खाऊन टाकला. ती वाटी उचलायची कुणाच्याच लक्षात राहिली नव्हती. कट्‌ असा आवाज झाला, मशीन हादरलं, हादरल्यावर हँडलचा वेढा सुटला आणि हाराचं टोक जबड्यात गेलं. पुढचं सगळं चार सेकंदांत. सरसर सरसर अख्खा हार आत ओढला गेला आणि नळीतून बर्फाबरोबर झेंडूचा फवारा उडाला. पांढऱ्या घसरगुंडीवर पिवळा, केशरी, पिवळा. माझ्या डोक्यावर, चाचांच्या दाढीत, बाबांच्या कानटोपीवर. मग घर्रर्र झालं आणि म्हातारी गप्प झाली.

"नको म्हटलं होतं," बाबा म्हणाले. हे त्यांनी म्हटलं नसतं तर मला शांत राहता आलं असतं.

मला प्रचंड राग आला. त्यांचा आला, झेंडूचा आला, सगळ्यात जास्त माझा आला. आणि त्याच वेळी मनात आलं, हीच ती वेळ. बघाच आता बाबा. मी चाचांना म्हटलं, "हँडल सोडा." भिंतीतला प्लग उपटला, तो पुन्हा कुणी लावू नये म्हणून त्याला छोटं कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. अगदी पुस्तकात आहे तसं. मग गुडघ्यावर बसले आणि जबड्यात टॉर्च मारला.

नारळाची वाटी पात्यात आणि पत्र्यात घट्ट बसली होती. तिच्यावर नायलॉनचा दोरा, झेंडूचा चोथा, आंब्याची पानं, आणि त्या सगळ्यावर ओला बर्फ आवळून दगड झाला होता. खिशात फोन वाजला. मॅनेजर. "हबीबी, हबीबी, व्हाय आय सी ऑरेंज ऑन द कॅमेरा?" मी म्हटलं, "टेन मिनिट्स, इन्शाल्ला," आणि फोन ठेवला.

वाटीची कड दिसत होती. बोट घालून जरा हिसडा दिला तर निघाली असती. हातमोजे जाड होते म्हणून मी उजवा काढला आणि हात आत घातला.

मनगटावर काहीतरी असं आपटलं की हात झटक्यात बाहेर आला. बाबांनी मारलं होतं. मला! बेचाळीस वर्षांच्या सुपरवायझरला, हाताखालच्या माणसासमोर!

"हात लावू नकोस! लांब हो!"

तेच शब्द. तोच आवाज. तीस वर्षं गिळलेलं सगळं बाहेर पडलं. "बाबा, मशीन बंद आहे! प्लग काढलाय! किल्ली माझ्या खिशात आहे! मला कळतं हे काम! तुमच्या पुतण्याला दर रविवारी नेत होतात ना, त्याला विचारा आता कळतं का!"

बर्फघरात आवाज फार घुमतो. चाचा झेंडूच्या पाकळ्या मोजत असल्यासारखे खाली बघत राहिले.

बाबांनी भिंतीला टेकवलेलं लाकडी दांड्याचं फावडं घेतलं, उलटं धरलं, मला हाताने मागे सारलं आणि एका बाजूला उभं राहून दांडा जबड्यात घालून वाटीला खालून टोचा दिला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा वाटी सुटली.

आणि प्लग काढलेली, किल्ली माझ्या खिशात असलेली म्हातारी अर्धा फेरा फिरली.

खाडकन. वाटी अडकल्यामुळे मोटर आणि पात्यामधल्या पट्ट्यात साठलेला सगळा ताण एका क्षणात मोकळा झाला. बाबांच्या हातात फावडं होतं आणि दांड्याचं वीतभर टोक जबड्यात होतं. तुटलेली कड पांढरीशुभ्र, ताजी दिसत होती. मी माझ्या उघड्या उजव्या हाताकडे बघितलं. मी बर्फात बसकण मारली.

"या अल्ला," चाचा म्हणाले.

बाबा हळूहळू माझ्याशेजारी बसले. कानटोपी वर केली. "सीझनचा शेवटचा आठवडा होता," ते म्हणाले. "कन्व्हेयर अडकला. ओली साखर. चीफ डोक्यावर उभा, लवकर कर, लवकर कर. मेन स्विच मी स्वतः पाडला. फ्यूज काढून खिशात ठेवले. वरच्या खिशात. दवाखान्यात शर्ट काढला तेव्हासुद्धा फ्यूज खिशातच होते."

मी त्यांच्या हाताकडे बघत होते. त्यांनी तो कोटाच्या बाहीत ओढून घेतला.

"मग एवढी वर्षं कैऱ्या आणि माकडं कशाला सांगत होतात?"

"सगळ्या पोरांना मी शिकवायचो, मशीनमध्ये हात घालू नका म्हणून. आणि घातला कुणी? मीच. कुठल्या तोंडाने सांगणार?" त्यांनी बाहीवरचा बर्फ झटकला. "तू चार वर्षांची होतीस. दिसेल त्यात हात घालायचीस. डब्यात, बंबात, मांजराच्या तोंडात."

"आणि तुमच्या पुतण्याला कसं नेत होतात?"

"त्याच्या बोटांची काळजी त्याच्या बापाला. मला तुझ्या बोटांची होती." मग बाबा मिशीतल्या मिशीत पुटपुटले, "पोरीच्या जातीला काय करायचंय मशीन, असंही वाटायचं. नाही असं नाही. ते चुकलंच माझं."

तीस वर्षांचा राग असा अर्ध्या मिनिटात जात नसतो. माझा थोडा अजून आहे. पण त्या वेळी तो जागेवरून हलला एवढं खरं.

"दादा, मॅडम," चाचा घसा खाकरून म्हणाले, "पावणेदहा."

बाबा उठले. तुटकं फावडं बाजूला ठेवलं, दुसरं आणलं आणि दांडा माझ्या हातात दिला. "घे. वाटी निघाली, दोरा राहिलाय. ज्या दिशेने गुंडाळलाय त्याच्या उलट फिरव. हात बाहेर, तोंड बाजूला."

मी केलं. दांड्याने पातं उलट फिरवलं, चाचांनी लांब पकडीने दोरा ओढून धरला, मी लांब दांड्याच्या कात्रीने तो कापत गेले. चार हात दोरा, चोथा झालेला झेंडू, नारळाच्या शेंडीचा गोळा. बाबा मागे हात बांधून उभे होते. दोनदा त्यांनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा मिटलं. त्यांच्यासाठी हे फार होतं, मला माहीत आहे. शेवटी दांड्याने चाचपून बघितलं, पातं मोकळं फिरलं. कुलूप काढून प्लग लावला. म्हातारी खोकली, थरथरली आणि बर्फ उडवायला लागली.

नऊ वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी बर्फ सारखा झाला. पाकळ्या काही सगळ्या निघाल्या नाहीत. गेट उघडलं, शाळेची मुलं किंचाळत आत घुसली आणि थेट केशरी बर्फावर तुटून पडली. पांढऱ्याकडे कुणी बघेना. मॅनेजर धावत आला. मी मान खाली घालून उभी राहिले. त्याने मुलांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, बाबांच्या कानटोपीवरची पाकळी उचलून वास घेतला. "हबीबी," तो म्हणाला. एकदाच म्हणाला. "कॅन वुई डू धिस एव्हरी फ्रायडे?"

मी रिपोर्टमध्ये मात्र सगळं लिहिलं. हार ठेवायची परवानगी कुणी दिली, उघडा हात कुणी घातला, सगळं. वाचून मॅनेजरने मला दोनदा हबीबी म्हटलं. तेव्हापासून आमच्याकडे म्हातारीला एक काठी साखळीने बांधलेली असते. चाचांनी तिच्यावर लाल रंग लावलाय.

संध्याकाळी घरी बाबांनी बॅगेतून वर्तमानपत्राची घडी काढली. तीत गावाहून आणलेली आपट्याची पानं होती, वाळून कागदासारखी झालेली. मुलीच्या हातावर पान ठेवून म्हणाले, "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा." मग तिची हजेरी घेतली. "एक, दोन, तीन, चार, पाच. सगळे हजर." मग तिने त्यांची घेतली. "वन, टू, थ्री... अँड टू हाफ्स. आजोबा, व्हेअर डिड दे रिअली गो?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "घाई केली गं," ते तिला म्हणाले. "मशीन बंद आहे असं वाटलं, म्हणून हात घातला." ती 'ग्रॉस' म्हणाली नाही. एवढंच म्हणाली, "माकडवाली स्टोरी वॉज बेटर." मराठी शब्द वापरला, हेही नसे थोडके.

मग ते माझ्यापुढे आले. माझ्या हातावर पान ठेवलं. ते तीन शब्द म्हणतील असं मला वाटलं. म्हणाले नाहीत. त्यांनी माझा उजवा हात धरला आणि अर्ध्या बोटांनी एकेक बोट दाबत मोजलं. मी हात काढून घेतला नाही. एक, दोन, तीन, चार, पाच.

"दुसरा दे," बाबा म्हणाले. दुसरा त्यांनी कधीच मोजला नव्हता. मी पान टेबलावर ठेवलं आणि डावा हात पुढे केला.